मृग लक्षात राहतो, मुदत का नाही?

शेतकऱ्याला तारखा लक्षात राहत नाहीत, असे कचेरीत बसलेली माणसे सहज बोलून जातात. हे धादांत खोटे आहे. रोहिणीचा पाऊस पडला तर काय करायचे आणि मृग कोरडा गेला तर काय करायचे, हे आपल्या गावात कधी शाळेत न गेलेल्या माणसालाही पाठ असते. गाय कोणत्या बाजाराच्या दिवशी फळली आणि कधी विणार, हे घरातली म्हातारी बोटांवर मोजून सांगते. सालदाराचे साल खानदेशात आखाजीला आणि वऱ्हाडात पाडव्याला संपते. त्या हिशेबात पिढ्यान्‌पिढ्या एका दिवसाचा घोळ होत नाही. सत्तावीस नक्षत्रे ज्याच्या जिभेवर आहेत त्याला विसराळू म्हणायचे आणि स्वतःच्या टेबलावरची फाईल सहा महिने न सापडणाऱ्याने म्हणायचे, हा मोठा विनोद आहे.

मग पीक विम्याची मुदत का चुकते? पीक पाहणी का राहून जाते? कर्ज भरायला चार दिवस उशीर का होतो?

कारण साधे आहे. मृगाची तारीख आभाळ सांगते. वारा फिरतो, ढग येतात, पावशा ओरडतो, शेजारी तिफण बाहेर काढतो. सगळे शिवारच आपल्याला हलवून जागे करते. सरकारी तारखेला ओरडणारा पावशा नाही. ती मुंबईत निघालेल्या कागदावर असते, कधी पंचायतीच्या फलकावर डकवली जाते, कधी जात नाही. ती आवाज न करता येते आणि आवाज न करता जाते. गेल्याचे आपल्याला तीन महिन्यांनी कळते, यादीत नाव नाही तेव्हा.

शेतकरी बंधू आणि भगिनींनो, २०२३ च्या खरिपाची आठवण करा. कापूस आणि सोयाबीनचे भाव पडले म्हणून राज्य सरकारने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, देण्याचे जाहीर केले. घामाच्या दामापुढे ही रक्कम किती, हा वाद वेगळा. पण ती द्यायची कोणाला? तर त्या खरिपात ज्याने ई-पीक पाहणीत मोबाईलवरून आपले पीक नोंदवले होते त्याला. ही ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली. पीक नोंदवायची मुदत २०२३ च्या पावसाळ्यातच संपून गेली होती आणि मदतीची घोषणा आली २०२४ मध्ये. नोंद करायची तेव्हा ती कशासाठी उपयोगी पडणार हे कोणाला ठाऊक नव्हते. शेतात पऱ्हाटी उभी होती, कापूस विकल्याच्या पावत्या घरात होत्या, पण नाव यादीत नव्हते. पुढे गावोगाव ओरड झाली, तेव्हा सातबाऱ्यावरची नोंदही धरायचे ठरले आणि सप्टेंबर २०२४ च्या अखेरीपासून पैसे खात्यांत पडू लागले. ओरड झाली म्हणून दार उघडले. दर वेळी उघडेलच असे नाही.

या सगळ्यात लक्षात घेण्याची गोष्ट अशी की कोणी तुम्हाला नाही म्हटले नाही. नाही म्हटले असते तर मोर्चा नेता येतो, घेराव घालता येतो. मुदत टळली की हक्क आपोआप मरतो आणि मारणारा कोणी दिसत नाही. साहेब हळहळतात, म्हणतात, “काका, चार दिवस आधी आला असता तर लगेच करून दिले असते.” या वाक्याने आपल्याकडची जितकी माणसे गप्प केली आहेत तितकी लाठीने केली नसतील.

पीक कर्जाचे घ्या. तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर केंद्राचा व्याजदर ७ टक्के आहे आणि वेळेत फेडणाऱ्याला ३ टक्के सूट आहे. ही वेळ म्हणजे बँकेने ठरवलेला देय दिनांक किंवा उचल केल्यापासून एक वर्ष, यातले जे आधी येईल ते. दीड लाखाच्या कर्जावर ३ टक्के म्हणजे ४,५०० रुपये. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे एक तारीख चुकली की ५५ किलो कापूस गेला, तोही हमीभाव पदरात पडला असे धरून. वेचणीची मजुरी वेगळी. आणि नुसते व्याज जात नाही. २०१९ च्या कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंतचे कर्ज माफ झाले ते ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेल्यांचे. नियमित फेडणाऱ्यांना ५०,००० रुपयांपर्यंतचा प्रोत्साहन लाभ ठरला तो २०१७-१८, २०१८-१९ आणि २०१९-२० यांपैकी कोणत्याही दोन वर्षांत मुदतीत फेडलेल्यांना. थकला तरी तारीख, फेडले तरी तारीख. मधल्यामध्ये जो थोडा उशिरा भरणारा प्रामाणिक माणूस, तो दोन्ही याद्यांच्या फटीत पडला. आपल्यापैकी किती जणांना आपल्या कर्जखात्याचा देय दिनांक आत्ता सांगता येईल? सोसायटीच्या सचिवाला विचारून पासबुकाच्या पहिल्या पानावर तो लिहून घ्या.

विम्याचा घोळ आणखी मोठा. खरिपाची मुदत बहुधा ३१ जुलै असते, रब्बी ज्वारीची ३० नोव्हेंबर. वर्षानुवर्षे दुसरी एक मुदत होती, नुकसान झाल्यापासून ७२ तासांची. गारपीट झाली, शेतात पाणी तुंबले, कापणी करून पसरलेले पीक भिजले, तर ७२ तासांत कळवा. ज्याच्या शिवारात दोन दिवस वीज नाही आणि नाल्याला पूर आहे त्याने तीन दिवसांत मोबाईलवरून फोटो पाठवायचा! खरीप २०२५ पासून राज्याने एक रुपयातला विमा बंद केला, कापसाला विमा संरक्षित रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्यावर आला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांवर नेली. म्हणजे नियमच बदलला. म्हणून गेल्या वर्षीची तारीख पाठ करून भागत नाही; दरवर्षी मे-जूनमध्ये कृषी सहायकाकडून त्या वर्षीची अधिसूचना मागा आणि तीतली तारीख लिहा. आणखी एक मुदत आहे, तिचा बोलबाला होत नाही. २०२० च्या खरिपापासून विमा ऐच्छिक आहे. पण कर्जदाराला विमा नको असेल तर शेवटच्या तारखेच्या सात दिवस आधी बँकेला तसे लेखी द्यावे लागते. न दिले तर हप्ता कापला जातो. विमा घ्यावा की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. पण ठरवायचा दिवसच ठाऊक नसेल तर बँकच आपल्यासाठी ठरवून टाकते.

कोणी म्हणेल, मुदतवाढ होतेच की. होते खरी. खरीप २०२३ ला विम्याची मुदत ३१ जुलैवरून ३ ऑगस्टला गेली. सीसीआयला कापूस विकण्यासाठी कपास किसान ॲपवर नोंदणी १ सप्टेंबर २०२५ ला सुरू झाली. मुदत आधी ३० सप्टेंबर, मग ३१ ऑक्टोबर, मग ३१ डिसेंबर. ज्याने शेतीची कामे टाकून पहिल्या मुदतीत सेवा केंद्रासमोर दोन दिवस रांग लावली तो मूर्ख ठरला आणि जो निवांत राहिला तो शहाणा. या मुदतवाढीने आपल्याला एक वाईट खोड लावली आहे. पुढच्या वेळी वाढेलच, या भरवशावर आपण बसतो, आणि नेमकी तेव्हा ती वाढत नाही.

याच हंगामात दुसऱ्या एका तारखेचे काय झाले तेही पाहा. परदेशी कापसावरचा ११ टक्के आयात कर १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ झाला. मुदत ३० सप्टेंबर होती. ती सरायच्या महिनाभर आधीच, ऑगस्टमध्येच, ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. म्हणजे आपला कापूस बाजारात यायचे जे महिने, तेवढेच महिने बाहेरच्या कापसाला दार उघडे. गिरणीवाल्यांना त्यासाठी ॲपवर नाव नोंदवावे लागले नाही, सर्व्हर बंद म्हणून परत फिरावे लागले नाही. त्यांच्या तारखा सांभाळायला दिल्लीत पगारी माणसे असतात. आपल्या तारखा सांभाळायला कोण आहे?

हा प्रश्न मला पालघर जिल्ह्यात जास्त टोचला. तुम्ही म्हणाल, कापूस-ज्वारीच्या पत्रकात पालघर कशाला? तिथे भात, नागली, वरई; पाऊस आपल्या तिप्पट-चौपट. पण दोन कारणांनी ते गाव आपले आहे. एक म्हणजे बोईसर आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आपलीच मुले राबतात. सुरत-भुसावळ मार्गावरून उधन्याला गाडी बदलून जळगाव-धुळ्याकडची पोरे तिथे उतरतात, वऱ्हाडातलीही आहेत. कापडाच्या, रसायनांच्या, औषधांच्या, पोलादाच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे कामाला. एका खोलीत पाच-सहा जण, पाळीप्रमाणे झोपणारे.

तिथल्या एका खोलीत बसलो असताना माझ्या लक्षात आले की या मुलांचे सगळे जगणे फोनच्या गजरावर चालते. पहिली पाळी असेल तर पहाटेचा गजर, रात्रपाळी असेल तर संध्याकाळचा. पगाराचा दिवस, खोलीचे भाडे, मोटारसायकलचा हप्ता, रिचार्ज संपण्याची तारीख, मित्राचा वाढदिवस, सगळे त्या फोनमध्ये. मी विचारले, वडिलांच्या पीक कर्जाची तारीख आहे का रे यात कोणाच्या? एकाच्याही फोनमध्ये नव्हती. मुले वाईट नाहीत. महिन्याला घरी पैसे पाठवतात. पण बाप गावात तारखा चुकवतो आणि पोरगा चारशे-पाचशे किलोमीटरवर हातात तारखा सांभाळणारे यंत्र घेऊन बसला आहे, आणि दोघांमध्ये रोज संध्याकाळी फोनवर बोलणे होते ते पाऊस पडला का, जेवण झाले का, एवढेच. पाठवलेल्या दोन हजारांइतकीच किंमत पाठवलेल्या एका आठवणीला आहे हे त्या मुलांना सांगताच पटले. तिथल्या तिथे दोघांनी घरी फोन लावून पासबुक उघडायला लावले.

दुसरे कारण जमिनीचे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. एवढ्याशा जिल्ह्यातून मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन जाते, तिचे एक स्थानक बोईसरला आहे. मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग जातो. मालगाड्यांचा वेगळा लोहमार्ग जातो. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरात पायाभरणी झाली. त्याही आधी तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या विस्तारात अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली आणि त्यांच्या पुनर्वसनाचे भांडण वर्षानुवर्षे न्यायालयात चालले. जमीन जाण्याचा एवढा अनुभव फार थोड्या जिल्ह्यांना असेल.

आता कायदा काय म्हणतो ते ध्यानात घ्या, कारण समृद्धी झाला, शक्तिपीठाची चर्चा आहे, उद्या तुमच्या काळ्या रानावरही खुणा पडतील. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचना निघाली की हरकत घ्यायला ६० दिवस. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६ चा महामार्ग कायदा लागतो. तिथे हरकतीला फक्त २१ दिवस. विशेष रेल्वे प्रकल्प असेल तर रेल्वे कायदा. तिथे ३० दिवस. म्हणजे एकाच शेतकऱ्याच्या बांधाच्या एका बाजूने महामार्ग आणि दुसऱ्या बाजूने रेल्वे गेली तर एकाच जमिनीला दोन वेगळी घड्याळे लागतात. आणि हे दिवस मोजायचे ते तलाठी घरी कागद घेऊन आला त्या दिवसापासून नव्हे, अधिसूचना प्रसिद्ध झाली त्या दिवसापासून! २१ दिवसांतले दहा-बारा दिवस तर गावात बातमी पोचण्यातच जातात. २०१३ च्या कायद्याखाली निवाडा झाला आणि मोबदला कमी वाटला तर वाढीव मोबदल्यासाठी प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवा असा अर्ज करायचा. निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल तर त्यालाही सहाच आठवडे.

डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या आदिवासी बांधवांना वनहक्काचा असाच अनुभव आहे. ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर उपविभागीय समितीकडे ६० दिवसांत, तिचा निर्णय मान्य नसेल तर जिल्हा समितीकडे पुन्हा ६० दिवसांत. आपल्याकडे तोच प्रकार फेरफाराचा. भावाभावांच्या वाटणीत किंवा विधवेच्या वारस नोंदीत कोणी गडबड केली तर नोटिशीनंतर हरकतीला १५ दिवस असतात. नोंद मंजूर झाली आणि ती चुकीची वाटली तर अपिलाला बहुधा ६० दिवस. माहिती अधिकारात ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पहिले अपील पुढच्या ३० दिवसांत, दुसरे ९० दिवसांत. एकट्या बाईच्या नावावर जमीन असते तिथे हे १५ दिवस कोण आणि कसे खाऊन टाकते ते मी सांगायला नको.

तर यावर उपाय काय? सहकारी संस्था काढायची नाही, अनुदान मागायचे नाही, कोणाकडे अर्ज करायचा नाही. तुमच्या किंवा तुमच्या मुलीच्या खिशातल्या फोनमध्ये कॅलेंडर नावाची सोय आहे. ती फुकट आहे. एकदा तारीख घातली की इंटरनेट नसले, रिचार्ज संपला, तरी ठरल्या दिवशी फोन सूचना देतो. त्या सोयीचा उपयोग आपल्याकडे अजून वाढदिवसापलीकडे होत नाही, एवढीच अडचण आहे.

कसे करायचे ते एकदा नीट समजून घ्या. कॅलेंडर उघडून अधिकचे चिन्ह दाबा. नाव लिहायचे असते तिथे नुसते ‘विमा’ लिहू नका. पूर्ण काम लिहा: ‘कापूस विमा, सातबारा, पासबुक, आधार घेऊन केंद्रावर जाणे’. मराठीत लिहिता येते. तारीख घाला ती शेवटची नव्हे. शेवटच्या तीन दिवसांत केंद्रांवर गर्दी होते, सर्व्हर बसतो, हे दरवर्षीचे आहे. म्हणून पहिली आठवण पंधरा दिवस आधीची, दुसरी पाच दिवस आधीची, आणि वेळ सकाळी सहा-सातची, म्हणजे रानात निघण्याआधी. जी मुदत दरवर्षी येते तिला ‘दरवर्षी पुन्हा’ असे लावता येते. मग फोन बदलेपर्यंत पाहावे लागत नाही, आणि गूगलच्या खात्यावर नोंद ठेवली असेल तर फोन हरवला तरी नव्या फोनवर ती परत येते. फक्त तारीख बदलली असेल तर त्या वर्षी ती दुरुस्त करा. त्याच कॅलेंडरमधून ती आठवण दुसऱ्यालाही पाठवता येते. बापाची तारीख बोईसरच्या पोराच्या फोनवर वाजली पाहिजे आणि पोराने त्या संध्याकाळी घरी फोन केला पाहिजे.

सूचनेचा आवाज बारीक असतो, टिंग करून थांबतो. म्हणून शेवटच्या दिवसासाठी घड्याळातला गजरही लावा. बऱ्याच फोनमध्ये गजराला तारीख देता येते. काही फोन बॅटरी वाचवण्याच्या नादात सूचना दाबून टाकतात. दोन मिनिटांनंतरची खोटी आठवण लावून एकदा तपासून घ्या. बटणांचा साधा फोन असेल तरी त्यात बहुधा कॅलेंडर असते, तेवढ्याने काम भागते. गूगलची आठवण पूर्वी साध्या फोनवर संदेशाने यायची. ती सोय कंपनीने जानेवारी २०१९ मध्ये बंद केली. फुकट वस्तूचा मालक दुसराच असतो, हे विसरू नये. म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहिता तसे लाल पेनाने तीच तारीख तिथेही लिहा. वीज जाते, फोन नाल्यात पडतो. भिंत पडत नाही.

यासाठी कोणतेही नवीन ॲप पैसे देऊन घेऊ नका. कोणी ‘पीएम किसान’च्या नावाने व्हॉट्सॲपवर फाईल पाठवली आणि ती उघडा म्हणाले तर उघडू नका, अशा फाईलींनी बँकेतली खाती रिकामी झाली आहेत. आठवण लावायला ओटीपी लागत नाही, आधार क्रमांक लागत नाही. जो मागेल तो चोर समजा.

आणि आठवण म्हणजे पुरावा नव्हे. अर्ज दिला की पोच घ्या. नोटीस हातात पडली की ज्या दिवशी पडली ती तारीख लिफाफ्यावर लिहा, लिफाफ्यासकट फोटो काढा. फोटोत दिवस आणि वेळ आपोआप राहते. पंचायतीच्या फलकावर काही डकवलेले दिसले तर त्याचाही फोटो. सर्व्हर बंद असेल तर पडद्यावर जे दिसते त्याचा फोटो काढून त्याच दिवशी तलाठी किंवा बँकेला लेखी द्या. उद्या भांडायची वेळ आली तर याच कागदांवर भांडता येते.

माझा पिंड शेतीशास्त्राचा, म्हणून पिकाच्या तारखांबद्दल थोडे लिहिल्याशिवाय राहवत नाही. नक्षत्र सगळ्या तालुक्याला एक असते, तुमचा पेरणीचा दिवस तुमचा असतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन कापूस टोबला, त्या दिवशीच फोनमध्ये पुढचे दिवस मोजून घाला. ३० व्या दिवशी खताचा हप्ता, अर्थात ओल असेल तर. ४५ व्या दिवशी गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे. सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ-दहा पतंग आले की फवारणीचा निर्णय. दुकानदार सांगेल तो फवारणीचा दिवस नव्हे. डिसेंबरअखेर फरदड न ठेवता पऱ्हाटी उपटण्याची आठवण लावा. ही सर्वात कठीण, कारण झाडावर चार बोंडे दिसत असतात आणि भाव वाढेल अशी आशा असते. पण शेजारच्या चार शेतांत फरदड उभी राहिली तर पुढच्या वर्षीची अळी तुम्हीच पोसलेली असते. रब्बी ज्वारी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरमध्ये पडली पाहिजे. उशीर झाला की खोडमाशी पोंगे मारते. पंधरा दिवसांचा वापसा चुकला तर पुढे कितीही औषध मारा.

एवढे सगळे शेतकऱ्यानेच का करायचे, असे कोणी विचारील, आणि ते विचारायलाच हवे. सरकारकडे आपला आधार आहे, मोबाईल क्रमांक आहे, बँक खाते आहे, आता शेतकरी ओळख क्रमांकही आहे. थकबाकीचा संदेश येतो, निवडणुकीचा येतो, सणाच्या शुभेच्छा येतात. मग मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी ‘तुमची पीक पाहणी झालेली नाही’ एवढे एक वाक्य मराठीत पाठवायला काय अडते? ज्याच्याकडे क्रमांक आहे आणि जो मुदत ठरवतो त्यानेच कळवावे, ही आपली मागणी आहे. खरिपाच्या सगळ्या मुदती १ जूनच्या आत एकत्र जाहीर कराव्यात. सर्व्हर जितके दिवस बंद राहील तितके दिवस मुदत आपोआप वाढावी, कोणी मंत्र्याने उपकार केल्यासारखी नव्हे. भूसंपादनाचे दिवस जमीनधारकाच्या हातात नोटीस पडल्यापासून मोजावेत. या मागण्यांचा ठराव जिल्हा मेळाव्यापुढे ठेवला जाईल.

सरकारनेही आपल्याला तारखा दिलेल्या असतात, त्याही फोनमध्ये घाला. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस नागपूरच्या आंदोलनानंतर कर्जमाफीच्या निर्णयासाठी ३० जून २०२६ ही तारीख तोंडाने दिली गेली. ती आपल्या हजारो फोनमध्ये राहू द्या, पुसू नका. पुढारी गावात येईल तेव्हा तिच्यावर बोट ठेवून विचारता येते.

मेळाव्याला येताना प्रत्येक गावातून निदान एक बहीण किंवा शाळा-कॉलेजातली मुलगी बरोबर आणा. फोनचे काम त्या आपल्यापेक्षा लवकर उरकतात. पासबुक, सातबारा आणि कर्ज उचलल्याची पावती आणा. फोन घरून भरून आणा, मांडवात वीज एकच आहे. भाषणांच्या आधी पहिला तास तारखा घालण्याला ठेवला आहे. ज्यांची मुले बोईसर-तारापूर, सुरत, पुण्याकडे आहेत त्यांनी त्यांचे क्रमांक कागदावर लिहून आणावेत, तिथूनच त्यांना आठवणी पाठवून देऊ.